सीबीआयच्या शाखेत तक्रार नेण्यापूर्वी

भारताच्या राज्यघटनेने पोलीस हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ठेवला असल्यामुळे गुन्हा नोंदवणे, त्याचा तपास करणे आणि आरोपीला न्यायालयापुढे उभे करणे हे काम सर्वसाधारणपणे त्या त्या राज्याच्या पोलीस दलाचे असते. केंद्र सरकारच्या अखत्यारीत असूनही राज्यांच्या भूमीवर तपास करू शकणारी यंत्रणा हा या रचनेतला अपवाद आहे आणि केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली सीबीआय, हे त्या अपवादाचे सर्वांत परिचित रूप आहे. एखाद्या प्रकरणाची ‘सीबीआय चौकशी झालीच पाहिजे’ ही मागणी मोर्चांतून आणि विधिमंडळातून सतत ऐकू येते. मात्र या विभागाच्या शाखा कोठे आहेत, सामान्य माणसाची कोणती तक्रार तेथे घेतली जाते आणि कोणती घेतली जात नाही, याची माहिती फार थोड्यांना असते. ही माहिती नसल्याचे दोन तोटे होतात: ज्याची तक्रार खरोखर या शाखेच्या कक्षेतली असते तो तिथवर पोहोचत नाही, आणि ज्याचा या शाखेशी काडीचा संबंध नसतो तो तिच्या नावाने आलेल्या खोट्या फोनला घाबरून आयुष्याची पुंजी गमावतो.

मराठीत या विभागाला बराच काळ ‘केंद्रीय गुप्तचर विभाग’ म्हटले गेले आणि त्यातून एक गैरसमज रुजला. गुप्तवार्ता गोळा करणे हे इंटेलिजन्स ब्युरो या वेगळ्या संस्थेचे काम आहे, तर सीबीआय ही तपास करणारी, प्रथम माहिती अहवाल नोंदवणारी आणि न्यायालयात आरोपपत्र दाखल करणारी पोलीस यंत्रणा आहे. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. युद्धसाहित्याच्या खरेदी-पुरवठ्यात लाचखोरी फोफावल्यामुळे १९४१ मध्ये ‘विशेष पोलीस आस्थापना’ उभारण्यात आली, तिला १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला, आणि १ एप्रिल १९६३ रोजी गृह मंत्रालयाच्या ठरावाने आजचे नाव व विस्तार मिळाला. आजही या विभागाचे अधिकार १९४६ च्या त्याच कायद्यातून येतात; सीबीआयसाठी स्वतंत्र, आधुनिक कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. केवळ ठरावाने उभी राहिलेली ही यंत्रणा वैध नाही, असा निकाल गुवाहाटी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्याला स्थगिती दिल्यामुळे विभागाचे काम चालू राहिले. इतक्या मोठ्या जबाबदारीच्या संस्थेने इतक्या जुन्या पायावर उभे राहावे, ही गोष्ट समाधानकारक म्हणता येणार नाही.

या कायद्याचे सहावे कलम नागरिकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. राज्य सरकारच्या संमतीशिवाय सीबीआयला त्या राज्यात आपले अधिकार वापरता येत नाहीत, असे हे कलम सांगते. ही संमती दोन प्रकारची असते: ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यांसाठी आधीच देऊन ठेवलेली ‘सर्वसाधारण संमती’ आणि एका विशिष्ट प्रकरणापुरती दिलेली ‘विशेष संमती’. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली, यावरून हा विषय राजकीय वाऱ्यांनुसार किती बदलतो हे दिसते. मात्र सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाने आदेश दिल्यास राज्याच्या संमतीची गरज उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर तो तपास मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला आणि १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले, तर तिघांची मुक्तता केली. खून, अपहरण, बेपत्ता होणे यांसारखे गुन्हे सीबीआयकडे जातात ते याच मार्गाने, म्हणजे राज्य सरकारच्या विनंतीवरून केंद्राने मान्यता दिल्यास किंवा न्यायालयाच्या आदेशाने. शाखेच्या टेबलावर अर्ज ठेवून असा तपास सुरू होत नाही. स्थानिक पोलिसांच्या तपासावर नाराज असलेल्या कुटुंबाने सीबीआयच्या कार्यालयाचे उंबरे झिजवण्याऐवजी आधी वरिष्ठ पोलीस अधिकारी व दंडाधिकारी यांच्याकडे आणि गरज पडल्यास वकिलामार्फत उच्च न्यायालयाकडे दाद मागावी, हेच वेळ वाचवणारे आहे.

या विभागाची महाराष्ट्रातील मुख्य उपस्थिती मुंबईत असून वांद्रे-कुर्ला संकुलात त्याची मोठी इमारत आहे. लाचलुचपत प्रतिबंधक शाखेखेरीज आर्थिक गुन्हे, बँक व रोख्यांतील फसवणूक आणि विशेष गुन्हे यांसाठीच्या स्वतंत्र शाखाही मुंबईत आहेत. पुणे आणि नागपूर येथे, तसेच गोव्यात, लाचलुचपत प्रतिबंधक शाखा आहेत. अशा शाखेचा प्रमुख पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी असतो आणि कायद्याच्या दृष्टीने ती शाखा हेच एक पोलीस ठाणे असते, त्यामुळे तेथे नोंदवलेल्या प्रथम माहिती अहवालाला इतर कोणत्याही ठाण्यातील अहवालाइतकेच मूल्य असते. आपला जिल्हा कोणत्या शाखेच्या क्षेत्रात येतो हे विभागाच्या संकेतस्थळावरून किंवा जवळच्या शाखेला दूरध्वनी करून आधी पाहून घ्यावे.

नावांचा एक गोंधळ येथेच दूर केलेला बरा. महाराष्ट्र शासनाचा ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभाग’ आणि सीबीआयची ‘लाचलुचपत प्रतिबंधक शाखा’ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि दोन्हींना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसीबी’च म्हटले जात असल्याने तक्रारदार अनेकदा चुकीच्या दारात उभा राहतो. निकष साधा आहे: लाच मागणाऱ्याचा पगार कोणत्या तिजोरीतून निघतो? तलाठी, मंडळ अधिकारी, पोलीस हवालदार, महापालिकेचा अभियंता, जिल्हा परिषदेचा लिपिक हे राज्याच्या कक्षेतले असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार राज्याच्या विभागाकडे, म्हणजे १०६४ या क्रमांकावर किंवा त्याच्या जिल्हा कार्यालयात द्यावी. रेल्वे, प्राप्तिकर, सीमाशुल्क, केंद्रीय वस्तू व सेवा कर, टपाल, पारपत्र कार्यालय, भविष्य निर्वाह निधी संघटना, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ, संरक्षण खात्याच्या आस्थापना आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांतील कर्मचाऱ्यांविरुद्धची तक्रार सीबीआयच्या शाखेकडे न्यावी. आपल्या खात्यातून भामट्याने पैसे काढले, बिल्डरने घराचा ताबा दिला नाही, भाऊबंदकीत सातबाऱ्यावरचे नाव बदलले, अशा तक्रारी गंभीर असल्या तरी त्यांची जागा स्थानिक पोलीस ठाणे, सायबर पोलीस, महारेरा किंवा महसूल यंत्रणा ही आहे. त्याचप्रमाणे चारित्र्य पडताळणी वा पारपत्रासाठीची चौकशी या सेवा सीबीआय देत नाही.

सामान्य नागरिकाला या शाखेकडून मिळू शकणारी सर्वांत थेट सेवा म्हणजे लाचेची मागणी झाल्यावर रचला जाणारा सापळा, आणि त्याची रीत माहीत असल्यास तक्रारदाराचे निम्मे भय जाते. मुळात कायद्याची आजची स्थिती समजून घेतली पाहिजे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले, तर त्याला हे कलम लागू होत नाही. तसेच यंत्रणेला आधी कळवून, तिच्या मदतीसाठी जो पैसे देतो त्यालाही ते लागू होत नाही. म्हणून ‘काम झाल्यावर बघू’ किंवा ‘एवढी रक्कम देऊन टाकू आणि मग तक्रार करू’ हा विचार धोक्याचा आहे: आठव्या दिवशी तक्रारदार स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्याच्या दिशेने चालू लागलेला असतो. दुरुस्तीपूर्वीच्या कायद्यात लाच देणाऱ्याच्या जबाबाला जे जुने संरक्षण होते ते काढून टाकण्यात आले असल्यामुळे पूर्वीच्या अनुभवावर विसंबून कोणी सल्ला देत असेल, तर तो मानू नये.

मागणी झाली की तक्रारदाराने पैसे न देता, शक्यतो स्वतः, शाखेत जाऊन लेखी तक्रार द्यावी. तीत कोणते काम अडले आहे, मागणी कोणी, कधी, कोठे व किती केली, कोणी मध्यस्थ आहे काय आणि पुढच्या भेटीविषयी काय ठरले आहे, एवढे साध्या भाषेत लिहावे. कायद्याची कलमे शोधत बसण्याची गरज नाही. तोंडी माहिती दिली तरी ती लिहून घेऊन माहिती देणाऱ्याला वाचून दाखवणे हे पोलिसांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यामुळे आपण सांगितलेले नीट उतरले आहे याची खात्री होईपर्यंत सही करू नये आणि सहीनंतर अहवालाची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. शाखा प्रथम मागणीची पडताळणी करते: स्वतंत्र साक्षीदारांच्या, म्हणजे पंचांच्या उपस्थितीत तक्रारदार त्या अधिकाऱ्याशी बोलतो आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते. पंच म्हणून सहसा दुसऱ्या सरकारी कार्यालयातील कर्मचारी बोलावले जातात, जेणेकरून त्यांचा तक्रारदाराशी किंवा आरोपीशी संबंध असू नये.

पडताळणीत मागणी सिद्ध झाली की सापळा आखला जातो. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतले जातात, नोटांवर फिनॉल्फ्थेलिन नावाची पांढरी भुकटी लावली जाते, आणि तक्रारदाराने मागणी होईपर्यंत नोटांना हात लावू नये, अशी सूचना दिली जाते. या भुकटीचा स्पर्श झालेली बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होते. ते बाटलीत सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवले जाते आणि खटल्यात तोच मूक साक्षीदार ठरतो. एक पंच सावलीसारखा तक्रारदाराबरोबर राहून बोलणे ऐकतो व देवघेव पाहतो, आणि ठरलेला इशारा मिळताच पथक पुढे येते. सापळ्याची रक्कम बहुधा तक्रारदारालाच आणावी लागते, कारण त्याच नोटा पुढे मुद्देमाल म्हणून जप्त होतात. ती रक्कम परत देण्याची व्यवस्था विभागाकडे आहे आणि तिच्याविषयी सुरुवातीलाच विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाविषयीच्या आरोपाची चौकशी करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, असे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १७ अ सांगते. पण लाच घेताना जागीच अटक होण्याच्या प्रकरणांना ही अट लागू नाही, आणि सापळ्याची वाट इतर वाटांपेक्षा जलद असते याचे हे महत्त्वाचे कारण आहे.

सापळ्यात मागणी हीच गुन्ह्याचा कणा असते. केवळ नोटा सापडल्या आणि हात गुलाबी झाले एवढ्यावर शिक्षा टिकत नाही, मागणी आणि स्वीकार हे दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तक्रारदार पुढे मरण पावला किंवा फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही ज्याने तक्रार दिली त्याने वर्षानंतर न्यायालयात साक्ष देताना ठाम राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. फितूर तक्रारदारामुळे केवळ एक खटला पडत नाही, तर त्याच कार्यालयात अडलेल्या पुढच्या माणसाची वाटही अवघड होते.

बेहिशोबी मालमत्ता, निविदांतील संगनमत, नोकरभरतीतील घोटाळा अशा तक्रारींचा प्रवास वेगळा आणि संथ असतो. येथे शाखा थेट गुन्हा न नोंदवता आधी प्राथमिक चौकशी करू शकते, आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत अशी चौकशी मान्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात म्हटले आहे. अशा तक्रारीत विशेषणांना किंमत नसते; कागदपत्रांच्या प्रती, तारखा, कंत्राटांचे क्रमांक, मालमत्तांचे पत्ते आणि ही माहिती आपल्याला कशी मिळाली याचा उल्लेख असेल, तरच चौकशी अधिकाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येते. ज्याला आपल्याच कार्यालयातील भ्रष्टाचार उघड करायचा आहे आणि नाव बाहेर फुटण्याची भीती आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारच्या एप्रिल २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे स्वतंत्र व्यवस्था आहे. तक्रार बंद पाकिटात घालून पाकिटावर ती या ठरावाखालील म्हणजे ‘पीआयडीपीआय’ तक्रार असल्याचे लिहावे, नाव व पत्ता पाकिटावर न लिहिता आतल्या पत्रातच द्यावा आणि मजकुरातून आपली ओळख उघड होणार नाही अशी काळजी घ्यावी; निनावी पत्राचा मात्र या व्यवस्थेत विचार होत नाही. लोकपालाकडेही ठरलेल्या नमुन्यात व प्रतिज्ञापत्रासह केंद्रीय कर्मचारी, मंत्री वा खासदार यांच्याविरुद्ध तक्रार करता येते आणि लोकपाल ती चौकशीसाठी सीबीआयकडे सोपवू शकतो, पण घटनेला सात वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला तेथे एक वर्षापर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सूड उगवण्याचे साधन म्हणून या वाटा वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार तक्रारदाराला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवणे बंधनकारक आहे. माहिती अधिकाराच्या बाबतीत मात्र, जून २०११ मध्ये सीबीआयचा समावेश सूट मिळालेल्या संस्थांच्या यादीत झाल्यामुळे बहुतेक अर्ज नाकारले जातात. तरीही भ्रष्टाचाराचे आरोप व मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीची माहिती या सुटीतून कायद्यानेच वगळलेली आहे, म्हणून अर्ज करताना त्या परंतुकाचा स्पष्ट आधार घ्यावा.

परदेशात पळालेला आरोपी किंवा परदेशात नेले गेलेले मूल यांच्या संदर्भात इंटरपोलचे नाव घेतले जाते. त्या संघटनेसाठी भारताचे राष्ट्रीय संपर्क केंद्र सीबीआयच आहे आणि राज्यांच्या पोलिसांना तिच्याशी जोडणारे ‘भारतपोल’ हे पोर्टल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. नागरिकाला थेट इंटरपोलची नोटीस मागता येत नाही. स्थानिक ठाण्यात गुन्हा वा बेपत्ता नोंद करून, ती विनंती राज्य पोलिसांमार्फत सीबीआयकडे पाठवण्याचा आग्रह धरावा.

या शाखेकडून एखाद्याला साक्षीदार म्हणून बोलावणे आले तर त्यात बेअब्रू मानण्याचे कारण नाही. नोटीस लेखी असते आणि तीत प्रकरणाचा क्रमांक, अधिकाऱ्याचे नाव व ती कोणत्या कलमाखाली दिली आहे हे नमूद असते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी त्यांच्या राहत्या ठिकाणाहून अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही, ही तरतूद ज्येष्ठांच्या कुटुंबांनी जरूर माहीत करून घ्यावी. तपासात दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. संशयिताला हजर राहण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे हे सीबीआयलाही तितकेच बंधनकारक आहे.

ही साधी कार्यपद्धती ज्याला ठाऊक आहे तो ‘डिजिटल अटके’च्या सापळ्यात सापडत नाही. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे, असे सांगून गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दरडावतो, सीबीआयचे बोधचिन्ह असलेले खोटे वॉरंट पाठवतो, दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे एका खात्यात भरायला लावतो; एकट्या राहणाऱ्या निवृत्तांना, आणि मुले परदेशी असलेल्या आईवडिलांना, हे भामटे हेरून गाठतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट अस्तित्वात नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा पडताळणीसाठी पैसे मागत नाही. असा फोन आल्यास तो ताबडतोब बंद करावा, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना सांगावे, आणि पैसे गेलेच असतील तर लाज वा भीती न बाळगता, एक तासही न दवडता, १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच अवधीत सर्वाधिक असते.